जेवण कमी केलं तरी कुत्र्याचं वजन परत परत वाढतंय? आधी खाऊ मोजा

आमच्या चिंगीचं वजन दोन वर्षांत तीनदा उतरवलं आणि तीनदा ते परत चढलं. चिंगी म्हणजे आमची लॅब्रॅडोर. वय सहा, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांच्या काट्यावर ३६.४ किलो आलं. तिच्या हाडापेराकडे बघता ती २८च्या आसपास असायला हवी. जिना चढताना ती चौथ्या पायरीवर थांबून मागे बघायला लागली होती. शिवाय दर दोन-तीन आठवड्यांनी पोट बिघडायचं. एक दिवस जुलाब, दोन दिवस दहीभात, मग सगळं ठीक, आणि पुन्हा तेच.

तुमच्या घरी असंच काही चालू असेल तर आम्हाला काय सापडलं ते सविस्तर लिहिते. आम्ही वर्षभर चुकीच्या जागी उपाय करत होतो.

वाटी कमी केली, तिथेच फसलो

वजन वाढलं की सगळे जे करतात तेच आम्ही केलं, वाटीतलं खाणं कमी केलं. आधी ३०० ग्रॅम, मग २५०, मग २००. पहिले पंधरा दिवस काटा थोडा खाली यायचा आणि मग अडकायचा. महिनाभराने परत वर.

कारण नंतर कळलं. वाटी लहान झाली की चिंगी जास्त मागायची. ताटापाशी येऊन बसायची, हनुवटी मांडीवर ठेवायची, लाळ गळायची. घरात सहा माणसं. प्रत्येकाला वाटायचं, बिचारीचं जेवण कमी केलंय, एक तुकडा दिला तर काय बिघडणार? तो तुकडा दिल्याचं इतर पाच जणांना माहीत नसायचं. वाटीतून आम्ही जे काढत होतो ते हातातून परत जात होतं. त्यात वाटीतलं खाणं निदान सर्व सत्त्वं मोजून बनवलेलं असतं, हातातून जायचं ते बिस्कीट आणि पोळी. म्हणजे वजन तेच आणि पोषण आधीपेक्षा वाईट.

लॅब्रॅडोरवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती कळल्यावर चिंगीवर चिडणं माझ्याकडून तरी थांबलं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची जाणीव मेंदूला करून देण्यात या जनुकाचा वाटा आहे. २०२४ मध्ये त्याच गटाने दाखवलं की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये भूक जास्त लागते आणि स्वस्थ पडून असताना त्यांचं शरीर उष्मांकही सुमारे २५ टक्के कमी जाळतं. चिंगीत तो बदल आहे की नाही हे आम्ही तपासलेलं नाही. पण काही कुत्री नाटक करत नसतात, त्यांना खरंच भूक लागलेली असते, हे मनात ठेवूनच उपाय शोधावा लागतो. नुसतं उपाशी ठेवून ते जमत नाही.

एका गुरुवारची मोजणी

डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वेळी येताना एक कागद घेऊन या. दिवसभरात चिंगीच्या तोंडात जे जे जाईल ते लिहायचं. कोणी दिलं म्हणून रागवायचं नाही, फक्त लिहायचं. रागवायचं नाही ही अट महत्त्वाची आहे, नाहीतर माणसं लपवतात. मी फ्रिजवर कागद चिकटवला आणि दोरीने पेन बांधलं.

गुरुवारचा हिशोब असा निघाला. सकाळच्या फेरीत चहाच्या टपरीवर तीन ग्लुकोज बिस्किटं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, सकाळच्या चहाबरोबर दोन आणि संध्याकाळच्या चहाबरोबर दोन. सासूबाईंच्या माहेरी शेवटची भाकरी कुत्र्याची असायची, म्हणून आजही त्या कणकेच्या शेवटच्या गोळ्याची छोटी पोळी लाटतात आणि तूप लावून देतात. मुलीच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी. मुलाने दिलेला चीजचा क्यूब. दात साफ राहावेत म्हणून मी दिलेली चघळायची कांडी. नवऱ्याने 'बस' आणि 'थांब' शिकवताना दिलेल्या सुक्या चिकनच्या तीन पट्ट्या.

यातलं कुठलंच वेगळं काढलं तर जास्त वाटत नाही. आता आकडे बघा. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण २२ ते २५ कॅलरी, सात बिस्किटांच्या १६० धरा. तुपाची छोटी पोळी ११०. अर्धी पोळी ५०. चीजचा क्यूब ७०. कांडीच्या पाकिटावर ७५ लिहिलेलं होतं. पट्ट्या ६०. बेरीज ५२५.

वाटीत त्या वेळी २०० ग्रॅम सुकं खाणं होतं, म्हणजे साधारण ७४० कॅलरी. दिवसाचे १२६५ झाले आणि त्यातला चाळीस टक्के भाग खाऊचा. वजन न उतरण्याचं कोडं त्या कागदावर सुटलं.

तुमच्या कुत्र्याचा आकडा

पशुवैद्य वापरतात तो नियम सोपा आहे. दिवसभराच्या कॅलरींपैकी खाऊच्या जास्तीत जास्त १० टक्के. अडचण ही की दिवसभराच्या कॅलरी किती हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ते निघतं.

कुत्र्याचं योग्य वजन घ्या, आजचं वाढलेलं नको. ते तीनदा मांडून गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. चिंगीचं करून दाखवते. २८ × २८ × २८ = २१९५२. पहिलं वर्गमूळ १४८, दुसरं १२.१७. त्याला ७० ने गुणलं की ८५२. स्वस्थ पडलेल्या शरीराला लागतात तेवढ्या या कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर सहसा याच आकड्यापासून सुरुवात करतात. वजन बरोबर आहे आणि नसबंदी झालेली आहे अशा पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला याच्या १.४ ते १.६ पट लागतात.

म्हणजे चिंगीच्या खाऊला दिवसाला ८५ कॅलरी होत्या आणि आम्ही त्याच्या सहापट देत होतो.

छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत हे गणित आणखी कडक होतं. चार किलोच्या पॉमेरियनला दिवसाला २८० ते ३१५ कॅलरी पुरतात. त्याचा खाऊ फार तर ३० कॅलरींचा, म्हणजे सव्वा बिस्कीट. तुमचा छोटा कुत्रा 'जेवतच नाही, नुसता नखरा करतो' असं वाटत असेल तर आधी हे बघा. चार बिस्किटं आणि चीजचा एक क्यूब यातच त्याचं निम्मं जेवण उरकलेलं असतं. अशा वेळी जेवणावर चिकनचा रस्सा ओतून मनधरणी करू नका. वाटी वीस मिनिटं ठेवायची, खाल्लं नाही तर उचलायची, आणि मधला खाऊ बंद. तब्येत चांगली असलेला, पूर्ण वाढ झालेला कुत्रा एक-दोन दिवसांत जेवणावर येतो. पिल्लांना आणि अगदी इवल्या जातींना मात्र असं उपाशी ठेवू नका, त्यांची साखर पटकन उतरते.

खाऊचा डबा

आमचा उपाय म्हणजे स्टीलचा एक डबा. रोज सकाळी तो भरायचा. दिवसभर कोणीही, कितीही वेळा द्या, पण डब्यातलंच. डबा रिकामा झाला की उद्यापर्यंत काही नाही.

डॉक्टरांनी चिंगीला वजन उतरवण्यासाठीचं खाणं लिहून दिलं, दिवसाला २५० ग्रॅम. नेहमीचंच खाणं फार कमी केलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी पडतात, म्हणून हा बदल. हे खाणं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजायचं. वाटीने मोजलं की रोज माप बदलतं, आम्ही ताडून बघितलं आहे. दोन वेळचं शंभर-शंभर ग्रॅम वाटीत जातं आणि उरलेलं ५० ग्रॅम डब्यात. त्याच खाण्याचे दाणे हातातून दिले की चिंगीसाठी तो खाऊच असतो.

त्यात बाहेरचं ८५ कॅलरींच्या आत. बहुतेक दिवशी गाजराचे तुकडे, काकडी, उकडलेल्या फरसबीच्या शेंगा आणि बिनमीठ उकडलेल्या चिकनचे अगदी बारीक तुकडे, सगळं मिळून २५ ग्रॅमच्या आसपास चिकन. १०० ग्रॅम काकडीत १५ कॅलरी असतात, गाजरात ४०, लाल भोपळ्यात २५. चीज-पनीर त्या मानाने फार जड, आणि शेंगदाणे तर १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या पुढे.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा करा. हे ऐकून आमच्या घरी कोणाचाच विश्वास बसला नाही. मग मुलाने एका बिस्किटाचे आठ तुकडे करून आठ वेळा दिले आणि चिंगी आठही वेळा तितक्याच आनंदाने बसली. तिला मोजता येतात ते प्रसंग, तुकड्याचा आकार ती बघतही नाही.

सगळ्यात अवघड भाग, अण्णा

डबा सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी व्हरांड्यातून बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आला. अण्णा खुर्चीत बसले होते. चिंगीची हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर. त्यांनी बिस्कीट मोडलं, अर्धं चहात बुडवलं आणि उरलेलं अर्धं खाली केलं. मला बघून त्यांचा हात तिथेच थांबला.

मी म्हटलं, "अण्णा, डब्यातलं द्या ना."

ते म्हणाले, "अगं, दिवसभर तुम्ही सगळे बाहेर. ही एकटी माझ्यापाशी बसते. माझ्या हातात काही नसेल तर ती कशाला येईल माझ्याकडे?"

हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी कॅलरी मोजत होते आणि अण्णांच्या दृष्टीने तो चहाचा सोबती होता. त्यांना 'देऊ नका' म्हणणं म्हणजे त्यांच्या संध्याकाळीतून काहीतरी काढून घेणं. म्हणून आम्ही उलट केलं. डबा अण्णांच्याच ताब्यात दिला. सकाळी गाजर-काकडी तेच चिरतात. मुलांना द्यायचं असलं तर त्यांच्याकडे मागायचं. संध्याकाळच्या चहाला एक बिस्कीट ठेवलं, तेही हिशोबात धरून, आठ तुकडे करून. त्या दिवसापासून पुड्याचा आवाज बंद झाला.

तुमच्या घरी अशी व्यक्ती नक्की असेल. आजी असेल, कामाच्या मावशी असतील, वॉचमनकाका असतील. त्यांना नियम सांगून पाहिलं असेल आणि तो टिकला नसेल. द्यायचा आनंद त्यांच्याकडेच ठेवा, फक्त काय द्यायचं ते बदला. सासूबाईंची शेवटची पोळी आजही होते, पुरीएवढी, बिनतुपाची, आणि त्या दिवशी डब्यातून चिकन वगळतो. टपरीवाल्या मामांकडे मी सकाळी मूठभर दाणे देऊन ठेवते आणि ते तेच देतात. त्यांना समजावताना डॉक्टरांकडून कळलेली एक माहिती कामाला आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडोर जन्मभर पाहिले होते. ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं मिळालं ते साधारण १३ वर्षं जगले आणि बाकीचे ११.२. मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे कुत्र्याच्या जिवाला लई झाली की ताई."

मागणं थांबतच नसेल तर

ताटापाशी देणं बंद केलं की पहिले चार-सहा दिवस मागणं वाढतं. भुंकणं, पंजा मारणं, कण्हणं. आजवर ज्या युक्तीने मिळत होतं तीच ती जोर लावून करून बघते. सहाव्या दिवशी कोणी विरघळून एक घास दिला तर ती एवढंच शिकते की सहा दिवस नेट लावायचा. त्यामुळे सुरुवात अशा आठवड्यात करा जेव्हा घरात पाहुणे नाहीत आणि सण नाही. जेवताना तिला दुसऱ्या खोलीत तिच्या गादीवर बसवा आणि तिथे राहिली की जेवणानंतर डब्यातलं द्या.

खाऊ कशासाठी तरी द्या. हाक मारल्यावर आली, नखं कापू दिली, दारात थांबली, की लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत. उशिरा दिलं तर कशाबद्दल मिळालं ते तिला कळत नाही. आणि खरंच भूक असेल तर वाटीऐवजी जेवणाचे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून द्या. दोन मिनिटांत संपणारं जेवण वीस मिनिटं पुरतं.

पोट परत परत बिघडतं तेव्हा

कागदाचा इथेही उपयोग झाला. चिंगीचे जुलाब आणि रविवारचं मटण यांच्या तारखा जुळत होत्या. दुसरं कारण म्हणजे दूध. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. नवीन खाऊ एका वेळी एकच सुरू करा आणि तीन दिवस शी बघा. मगच दुसरा.

तेलकट-तुपकट खाणं एकदम जास्त झालं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वारंवार उलट्या, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर अशी उभी राहणं, यातलं काही दिसलं तर दहीभाताची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

डब्यात कधीच जाऊ नये असं

आम्ही सांगलीकर, घरात बेदाणे कायम. गेल्या वर्षी सत्यनारायणाला एका पाहुण्यांनी प्रेमाने चिंगीला प्रसादाचा द्रोण दिला. शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि 'इतके चालतात' असं सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. आम्ही अर्ध्या तासात दवाखान्यात होतो, डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ओकवलं, तीन दिवस रक्त तपासलं. सुदैवाने काही झालं नाही. घरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, त्याने वेगळाच धोका होतो. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं असं अलीकडच्या अभ्यासांवरून दिसतं, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. चिंच खाऊन कुत्र्यांची किडनी बिघडल्याच्या नोंदी आहेत, म्हणून चिंचेची आमटीही नको.

कांदा-लसूण शिजवलेला असला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणून रस्सा-भात बंद. चॉकलेट, चहा, कॉफी नाही. शुगरफ्री च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असतो, त्याने अर्ध्या-एक तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर धोक्याइतकी उतरते. शिजवलेली हाडं चिरफळतात. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचं कणीस, दोन्ही आतड्यात अडकतात. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवंच.

एवढं करूनही काटा हलत नसेल तर

महिनाभर डबा प्रामाणिकपणे पाळूनही वजन तेच असेल तर थायरॉईड तपासून घ्या, आमच्या डॉक्टरांनी ते आधीच केलं होतं. पाणी फार पीत असेल, केस जात असतील, पोट लोंबत असेल तर तेही सांगा. किडनी, मधुमेह किंवा गाभण कुत्री असेल तर वरचं गणित स्वतः करू नका, आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

काटा नसेल तर हात वापरा. आपल्या हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा, तिथे हाडं जशी लागतात तशा कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर तो बारीक आहे. तळहातावर दाबल्याशिवाय हाड लागत नाही तसं असेल तर जाड.

घाईने उतरवू नका. आठवड्याला वजनाच्या १ टक्का उतरला तरी पुष्कळ, दोनच्या वर नको. चिंगीचं सरासरी पाव किलो उतरत गेलं. मध्ये दिवाळीत दोन आठवडे अडकलं, तेव्हा परत कागद लावला आणि चकलीचा चोर सापडला, आमचा मुलगा. सात महिन्यांत ३६.४ वरून २९.१.

काल ती जिना न थांबता चढली आणि वर जाऊन अण्णांच्या विळीपाशी बसली. गाजर चिरायची वेळ झाली होती.